मालक कोण, हे ॲपला विचारा: जर्मन संसदेच्या कामगार समितीला खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
कामगार व समाजविषयक समिती,
जर्मन संसद (बुंडेस्टाग), बर्लिन

विषय: प्लॅटफॉर्म कामाचा युरोपीय निर्देश आणि मधला ठेकेदार

सन्माननीय सदस्यहो,

हे पत्र मराठीत आहे. युरोपीय संघाच्या २४ अधिकृत भाषांमध्ये ती नाही, तुमच्या समितीच्या दुभाष्यांनाही ती येत नसणार. मला जर्मन येतं. बी-वनची परीक्षा दुसऱ्या खेपेला का होईना, पण पास झालोय. त्या भाषेत मी अर्ज लिहू शकतो, पण भांडू शकत नाही. म्हणून आधी माझ्या भाषेत लिहितोय, भाषांतर सोबत जोडतो. दुसरं कारण असं की हे पत्र तुमच्याआधी सातारा-सांगली-नगरकडच्या घरांत वाचलं गेलं तर बरं. पुढच्या हिवाळ्यात पाठीवर चौकोनी बॅग लावून तुमच्या शहरांत सायकलवरून घरोघरी जेवण पोहोचवणारी काही पोरं आत्ता तिथे व्हिसाच्या फायली लावत बसली आहेत.

मी २०२२ च्या ऑक्टोबरात मास्टर्ससाठी बर्लिनला आलो. व्हिसासाठी तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये १०,३३२ युरो दाखवावे लागत. आमच्या घरात ही रक्कम पतपेढीचं कर्ज आणि आत्याचे दागिने यांतून उभी राहिली. त्यातून महिन्याला ८६१ युरो सुटायचे. खोलीचं भाडं, आरोग्य विमा आणि फोन गेला की उरलेल्या पैशांत महिना काढायचा. डिसेंबरपर्यंत कसंबसं निभावलं. मग एका सीनियरने व्हॉट्सॲपवर एक नंबर पाठवला.

बर्लिनच्या नॉयकोल्न भागात एका दुकानाच्या मागच्या खोलीत तो माणूस बसायचा. आम्ही सगळे त्याला शेठ म्हणायचो. त्याने शिक्षण विचारलं नाही, भाषा विचारली नाही. सायकल आहे का, एवढंच विचारलं. मग फोनमध्ये ॲप टाकून लॉगिन दिलं, ते दुसऱ्याच कुणाच्या नावाचं होतं. करार म्हणून जो कागद मिळाला तो मिनी-जॉबचा, म्हणजे थोड्या तासांच्या, मर्यादित पगाराच्या कामाचा, महिन्याला ५२० युरोंचा. प्रत्यक्षात आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाचे नऊ-दहा तास काम. ५२० च्या वरचे पैसे रोख, ऑर्डरमागे ठरलेल्या दराने, महिनाअखेरीस त्याच मागच्या खोलीत मिळायचे. तेव्हा तुमच्या देशात किमान वेतन ताशी १२ युरो होतं. ते मला ठाऊक होतं, शेठलाही ठाऊक होतं. पण तास मोजायचे कुणी? मी कुठल्या वळणावर किती सेकंद थांबलो हे ॲपला कळत होतं, आणि मी किती तास राबलो याची नोंद मात्र कुणाकडेही नव्हती.

तुमच्यातल्या कुणी फेब्रुवारीत रात्री साडेदहाला हर्मानस्ट्रासवरून सायकल चालवली आहे का? बर्फ भुसभुशीत असतो तोवर ठीक असतं. तो वितळून पुन्हा गोठला की रस्ता काचेसारखा होतो. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा आधी बॅग उघडून सूप सांडलं का ते पाहिलं, गुडघा नंतर पाहिला. हे सांगताना आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

मार्च आणि एप्रिलचे रोखीचे पैसे आलेच नाहीत. माझा हिशेब १,८४० युरोंचा होता. शेठ म्हणाला, वरून पैसे आले नाहीत. म्हणून मी 'वर' विचारायचं ठरवलं. ॲपच्या मदत-चॅटवर तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी उत्तर आलं, त्याचा स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहे: तुमचं आमच्याशी कोणतंही करारनातं नाही, कृपया तुमच्या फ्लीट भागीदाराशी बोला. फ्लीट भागीदार म्हणजे ॲपला सायकलवाले पुरवणारा ठेकेदार, म्हणजे शेठच. दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद. मी शेठकडे गेलो तेव्हा त्याने आवाजही चढवला नाही. म्हणाला, "विद्यार्थ्याला वर्षाला १२० दिवस काम करायची परवानगी असते ना? तुझे किती झाले? आउसलेंडरबेहोर्डेला विचारायचं का आपण दोघांनी मिळून?" आउसलेंडरबेहोर्डे म्हणजे परदेशी माणसांच्या राहण्याच्या परवान्याचं कार्यालय.

मी परत आलो. १,८४० युरो सोडून दिले. त्या माणसाचं नाव किंवा ॲपचं नाव मी या पत्रात घेत नाही. मला एका दुकानावर धाड पडलेली बघायची नाहीये. एक दुकान बंद झालं तर पुढच्या गल्लीत दुसरं उघडतं.

आता तुमच्या कामाकडे येतो.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्म कामाविषयी, म्हणजे ॲपमार्फत मिळणाऱ्या कामाविषयी, निर्देश मंजूर केला. २ डिसेंबर २०२६ ही तो देशोदेशींच्या कायद्यांत उतरवण्याची मुदत आहे. मी कायद्याचा माणूस नाही, माझा विषय डेटा सायन्स. पण हा निर्देश मी दोनदा वाचला, आणि मान्य करतो की वाचताना बरं वाटलं. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये अंदाज मांडला होता की संघात २ कोटी ८० लाख माणसं अशा ॲपांमार्फत काम करतात, आणि त्यांतल्या ५५ लाखांना चुकीने स्वयंरोजगारित ठरवलं गेलं असावं. म्हणजे राबायचं नोकरासारखं आणि जोखीम घ्यायची दुकानदारासारखी. निर्देशाने हे उलटं फिरवलं. ॲप तुमच्यावर नियंत्रण आणि हुकूम चालवतं असं दाखवणाऱ्या गोष्टी समोर आल्या, की तुम्ही कामगारच आहात असं गृहीत धरायचं. नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी ॲपची.

अल्गोरिदमविषयीची कलमं तर मला, त्याच धंद्यात शिकलेल्या माणसाला, फारच आवडली. रायडरच्या मनःस्थितीचा अंदाज बांधायला बंदी आहे. त्याची खासगी बोलणी चाळायला बंदी आहे. तो युनियनमध्ये जाईल का, याचं भाकीत करायला बंदी आहे. खातं गोठवायचं किंवा बंद करायचं तर तो निर्णय माणसाने घ्यायचा आणि कारण लेखी द्यायचं. हे कागदावर नुसतं शोभेसाठी आलेलं नाही. २०२० च्या शेवटच्या दिवशी इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने जेवण पोहोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या 'फ्रँक' नावाच्या अल्गोरिदमला भेदभाव करणारा ठरवलं. शिफ्ट चुकली ती आजारपणामुळे, संपामुळे की आळसामुळे, हा फरक तो करतच नव्हता. सगळ्यांना एकच शिक्षा. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात, मी इथे उतरलो त्याच महिन्यात, फ्लॉरेन्समध्ये २६ वर्षांचा एक रायडर डिलिव्हरी करताना अपघातात गेला. त्यानंतर त्याच्या नावाने संदेश आला: अटी न पाळल्यामुळे तुमचं खातं बंद करण्यात येत आहे.

तेव्हा निर्देश चांगला आहे, आणि तो सहजासहजी झालेला नाही. युरोपीय संसदेत ५५४ मतांनी मंजूर झाला, पण त्याआधी सदस्य-देशांच्या परिषदेत तो जवळजवळ मेला होता. ११ मार्च २०२४ ला एस्टोनिया आणि ग्रीस वळले म्हणून तो वाचला. त्या दिवशी जर्मनी तटस्थ राहिला. यावरून टोमणा मारण्याचा मला फार मोह होतोय. पण तेव्हाचं सरकार वेगळं होतं, आणि माझं म्हणणं जुन्या मतदानापेक्षा येणाऱ्या कायद्याबद्दल आहे.

माझी तक्रार तिसऱ्या कलमाची आहे. ते कलम माझ्याबद्दल आहे, म्हणजे मधल्या माणसामार्फत कामाला लागलेल्यांबद्दल. मध्यस्थामार्फत काम करणाऱ्यालाही थेट करार असलेल्याइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. हे वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. मग पुढचं वाक्य आलं: त्यासाठी देशांनी यंत्रणा उभारावी, आणि त्यात, 'जिथे योग्य असेल तिथे', ॲप आणि मध्यस्थ यांची संयुक्त जबाबदारी असावी.

जिथे योग्य असेल तिथे. बाजारात पोती उचलणाऱ्या माझ्या बाबांच्या भाषेत सांगायचं तर पोत्याला पडलेलं हे भोक आहे. सगळी साखर इथूनच सांडणार आहे.

कारण बाजार नेमका त्या दिशेने चाललाय. जो कायदा ॲप आणि रायडर या दोघांकडेच बघतो, त्या कायद्याला उत्तर म्हणून त्यांच्या मधे तिसरा माणूस बसवणं हे सगळ्यांत स्वस्त. २०२५ च्या जुलैत जेवण पोहोचवणाऱ्या लिफरांडो कंपनीने जर्मनीतल्या सुमारे २,००० रायडरांच्या नोकऱ्या कमी करून कामाचा काही भाग बाहेरच्या फ्लीट कंपन्यांकडे द्यायचं जाहीर केलं. ही तीच कंपनी, जी इतकी वर्षं आम्ही थेट नोकरी देतो म्हणून नावाजली जायची. हॅम्बुर्गमध्ये रायडर संपावर गेले. त्यांची बाजू घेणारी एनजीजी ही खाद्य उद्योगातली कामगार संघटना तेव्हापासून एकच मागणी करते आहे: ज्याचं ॲप, त्यानेच थेट नोकरी द्यायची.

तुमचे वकील म्हणतील की साखळीतल्या जबाबदारीचा कायदा जर्मनीत आहेच. किमान वेतन कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे काम देणारा हा उपठेकेदाराने बुडवलेल्या किमान वेतनाला जामीनदारासारखा बांधील असतो. आहे, मला ठाऊक आहे. आणि त्या कलमाचं काय होतं हेही मला ठाऊक आहे, कारण त्याची गोष्ट जिथे घडली तिथून मी कित्येकदा नूडल्स उचलल्यात.

लाइपझिगर प्लात्झवरचा 'मॉल ऑफ बर्लिन' तुमच्या कार्यालयांपासून सायकलने पाच मिनिटांवर आहे. तो २०१४ मध्ये उघडला. त्याच्या बांधकामावर रोमानियाहून आलेले मजूर होते आणि त्यांची मजुरी थकली. ते त्या इमारतीसमोर फलक घेऊन उभे राहिले, मग न्यायालयात गेले आणि जिंकलेही. पण उपठेकेदाराकडून काही वसूल होईना, आणि मुख्य ठेकेदाराने दिवाळं काढलं. तेव्हा एकाने इमारत बांधून घेणाऱ्या गुंतवणूकदारावरच दावा लावला. पाच वर्षांनी, १६ ऑक्टोबर २०१९ ला, सर्वोच्च कामगार न्यायालयाने निकाल दिला: गुंतवणूकदार जबाबदार नाही. जामीनदारी त्याची, जो स्वतः पत्करलेलं काम पुढे दुसऱ्याकडे सोपवतो. हा तर नुसता इमारतीचा मालक.

मॉल अजून उभा आहे, आत रोषणाई आहे, वरच्या मजल्यावर खाण्याची दुकानं आहेत. उद्या कुणा रायडरने ॲपवर दावा लावला तर ॲपचे वकील हाच निकाल हातात घेऊन उभे राहतील. आम्ही काम सोपवणारे नाही, आम्ही तर फक्त सॉफ्टवेअर देतो, असं म्हणतील. नव्या कायद्यात तुम्ही 'जिथे योग्य असेल तिथे' एवढंच लिहिलंत, तर ते योग्य कुठे हे ठरवायला आणखी पाच वर्षं जातील. माझ्यासारख्याचा व्हिसा तोवर टिकत नाही.

जर्मनीला हे जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. २०२० च्या जूनमध्ये रेडा-विडेनब्र्युकच्या कत्तलखान्यात दीड हजारांच्या आसपास कामगारांना कोविड झाला. तेव्हा अचानक सगळ्या देशाला दिसलं की रोमानिया, बल्गेरिया, पोलंडहून आलेली माणसं कुणा ठेकेदाराच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात आणि कारखान्याचा मालक म्हणतो, ही माझी माणसं नव्हेत. त्याच वर्षी संसदेने कायदा केला. १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस कारखान्यांत कापण्या-सोलण्याच्या कामावर ठेकेदाराची माणसं चालणार नाहीत, सगळे कंपनीच्या पगारपत्रकावर हवेत. लहान खाटीक दुकानांना सूट दिली. धंदा बुडेल अशी ओरड झाली, पण सॉसेज अजून मिळतात. म्हणजे जाणीव झाली तर सहा महिन्यांत कायदा होतो. प्रश्न एवढाच, की आमच्यासाठी ती जाणीव व्हायला कसली साथ यावी लागेल?

डिजिटल म्हटलं की न्यायालयं बुजतात, असंही नाही. तुमच्याच सर्वोच्च कामगार न्यायालयाने १ डिसेंबर २०२० ला एका माणसाला कामगार ठरवलं. पेट्रोल पंपावर आणि दुकानांत माल नीट मांडलाय का, याचे फोटो काढून ॲपवर टाकण्याची फुटकळ कामं तो करायचा. अकरा महिन्यांत २,९७८ कामं. एकेक काम नाकारायची त्याला मुभा होती, पण सगळी रचनाच अशी की नाकारून भागत नव्हतं. हा निकाल वाचला तेव्हा वाटलं, न्यायाधीशाने बहुधा स्वतःच्या फोनवर ते ॲप टाकून पाहिलं असावं.

आता थोडं माझ्या घराकडचं सांगतो. आठवणींचा गहिवर काढायचा नाहीये, मुद्दा कायद्याचाच आहे.

माझे आजोबा पाटण तालुक्यातले. मुंबईत मस्जिद बंदरला किराणा मालाच्या गोदामांत माथाडी होते. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. टोळीत काम चालायचं, टोळीवर मुकादम. व्यापारी पैसे मुकादमाकडे द्यायचा आणि मुकादम वाटायचा. किती दिले आणि किती वाटले हे त्या दोघांनाच ठाऊक. कुणी पोत्याखाली सापडला तर व्यापारी म्हणायचा, "माझा माणूस नाही. मुकादमाला विचार." हे वाक्य मी आजोबांच्या तोंडून लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की ॲपच्या चॅटवर ते जर्मनमध्ये आलं तेव्हा ओळखायला क्षणही लागला नाही.

अण्णासाहेब पाटलांनी त्या माणसांची संघटना बांधली, लढे झाले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. सदस्यहो, या कायद्यातली मालकाची व्याख्या मला तुमच्यासमोर ठेवायची आहे. कामगार ठेकेदारामार्फत लावला असेल, तर मालक म्हणजे मूळ मालक. बस्स. 'जिथे योग्य असेल तिथे' नाही. आणि ज्याला संरक्षण द्यायचं त्याला कायद्याने नाव दिलं 'असंरक्षित कामगार'. तो नोकर की स्वयंरोजगारित, याच्या खलात ते पडलेच नाहीत. माणूस ओझं वाहतोय आणि त्याला कुणाचं छत्र नाही, एवढं पुरे. एका व्यापाऱ्याकडे सकाळी, दुसऱ्याकडे दुपारी, तरी चालेल.

पैशाचं त्यांनी काय केलं, ते जास्त महत्त्वाचं. प्रत्येक धंद्यासाठी माथाडी बोर्ड झालं. त्यावर मालकांचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने बोर्डात नोंद करायची, टोळीनेही करायची. मजुरी थेट मुकादमाच्या हातात न देता बोर्डात भरायची, वर ठराविक टक्के लेव्ही. बोर्ड मजुरी वाटणार, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा, औषधपाणी. म्हणजे मुकादम राहिला, पण पैशाच्या वाटेवरून बाजूला झाला. पुढे बाजार वाशीला हलला. बाबांनी तिथल्या मसाला मार्केटात पंचवीस वर्षं पोती उचलली. निवृत्त झाले तेव्हा फंड मिळाला. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आमची खोली आहे. मला इंजिनीअर केलं ते त्या लेव्हीने, असं म्हणायलाही हरकत नाही.

हे सगळं गोड चित्र नाही. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांची तक्रार महाराष्ट्रातले उद्योजक वर्षानुवर्षं करत आलेत, आणि त्यात खोटं फारसं नाही. बोर्डांत कागद हलायला वेळ लागतो. गोणी गेल्या, क्रेन आल्या, तसं माथाड्यांचं कामही आटलं. शिवाय तुम्ही विचाराल, तुमच्या भारताने ॲपवाल्यांबाबत काय दिवे लावलेत? फार नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, ॲप कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के निधी काढायचं ठरलं, ती संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागूही झाली. पण मालक कोण, हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नाही. ज्या राज्याने १९६९ मध्ये तो विचारला होता, त्यानेही नाही. दोन्हीकडच्या सरकारांना नवं यंत्र दिसलं की जुना मुकादम दिसेनासा होतो. ब्रुसेल्समध्ये अल्गोरिदमवर पानंच्या पानं लिहिली गेली, आणि नॉयकोल्नच्या मागच्या खोलीसाठी एक 'जिथे योग्य असेल तिथे'.

माझं मागणं सरळ आहे. मांस कारखान्यांसारखी थेट नोकरीची सक्ती करता आली तर सगळ्यांत उत्तम. तेवढं राजकीय बळ नसेल, तर निदान ठेकेदारामार्फत कामाला लागलेल्या रायडरची पूर्ण मजुरी, सामाजिक विम्यासकट, द्यायला ॲप बांधील आहे असं कोणतंही 'पण' न लावता लिहा. किमान वेतनापुरतं नको, जे ठरलं ते सगळं. कोणत्या लॉगिनवरून कोण किती वेळ कामावर होता याची ॲपकडची नोंद रायडरला मागताक्षणी मिळाली पाहिजे, कारण आज न्यायालयात माझ्याकडे पुरावा म्हणून आहेत अकरा स्क्रीनशॉट आणि एक फुटलेला गुडघा.

एक गोष्ट निर्देशात नाहीच, आणि ती तुमच्याच हातात आहे. शेठने मला धमकी दिली ती पगाराची नव्हती, परवान्याची होती. जर्मनीत भारतीय हा परदेशी विद्यार्थ्यांमधला सगळ्यांत मोठा गट आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात आम्ही ४९,४८३ होतो. कामाची मर्यादा आता १२० वरून १४० पूर्ण दिवसांवर आली, ठीक. पण माझ्या परवान्यावर आणखी एक ओळ होती: स्वयंरोजगाराला परवानगी नाही. आता गंमत बघा. मधल्या माणसाने पोराला कागदावर फ्रीलान्सर दाखवलं, की फसवणूक करतो तो आणि परवाना मोडतो पोरगा. मिनी-जॉबच्या कागदावर पूर्णवेळ राबवून घेतलं तरी तेच. किमान वेतन तपासायला इथे कस्टमची माणसं येतात. आमच्याकडच्या वाचकांना हे ऐकून नवल वाटेल, पण खरंच ते काम जर्मनीत सीमाशुल्क खात्याकडे आहे. ती माणसं दारात आली की आधी पळतो तो रायडर, शेठ नाही. मजुरीची तक्रार करणाऱ्याची माहिती परवान्याच्या कार्यालयाकडे जाणार नाही, एवढी भिंत कायद्यात उभी करा. ती नसेल तर बाकीचे हक्क बजावायला कुणी पुढेच येणार नाही.

आणि सातारा-सांगलीकडच्या आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोनच ओळी. पोराला विचारा, करार कुणाबरोबर झालाय आणि लॉगिन कुणाच्या नावाचं आहे. तो "सगळे असंच करतात" म्हणाला, तर समजा की पैसे रोख मिळतायत.

सदस्यहो, या कायद्यावर तुम्ही तज्ज्ञांची जाहीर सुनावणी घ्याल. मालकांच्या संघटना येतील, प्राध्यापक येतील, युनियनवाले येतील. त्याआधी एखाद्या संध्याकाळी हर्मानप्लात्झला या. सात ते नऊच्या दरम्यान बर्गरच्या दुकानाबाहेर दहा-पंधरा पोरं हात चोळत ऑर्डरची वाट पाहत उभी असतात. त्यांना एकच विचारा, तुझा मालक कोण? दुभाषी म्हणून मी येईन, मराठी आणि हिंदीसाठी. तेलुगू आणि पंजाबीला दुसरं कुणी शोधावं लागेल, आणि हातमोजे जाड आणा.

आपला,
एक माजी रायडर
बर्लिन-नॉयकोल्न